हॉलमधला घुमारा

सर्जेरावांनी हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. एकच. मग मान तिरकी करून ते थांबले. टाळी वर गेली, छताला लागली, काचेच्या भिंतीवरून घसरली आणि तर्र करत कोपऱ्यात कुठेतरी विरली. ते दोन पावलं सरकले आणि त्यांनी पुन्हा टाळी वाजवली.

"आबा, कोण आलंय?" स्वयंपाकघरातून त्यांच्या सुनेनं, पूर्णिमानं विचारलं.

"कुनी न्हाई."

"मग टाळ्या कुणासाठी?"

"ह्या खोलीसाठी."

पूर्णिमा हात पुसत दारात आली. तिचं माहेर कोथरूडचं, आणि लग्नाला तीन वर्षं झाली तरी जीभ तिकडचीच राहिली होती. "खोलीनं काही कौतुकासारखं केलंय का?"

"केलंय की. एक टाळी दिली तर धा परत देती. गाणं लावल्यावर काय व्हत आसंल, इचार कर."

पूर्णिमाने विचार केला नाही, ती पोळ्या लाटायला परत गेली. सर्जेराव मात्र सोफ्यामागे गेले, तिथे टाळी वाजवली. जिन्याखाली गेले, तिथे वाजवली. गेले आठ-दहा दिवस त्यांचं हेच चाललं होतं.

खोली कसली, रिकामी विहीरच ती. पुण्याजवळच्या मांजरी गावात त्यांच्या मुलाने, समर्थने बंगला बांधला, तेव्हा हा हॉल त्याने हौसेने दोन मजल्यांइतका उंच घेतला. खाली आरशासारखा संगमरवर, एका अंगाला सगळी काच, भिंती गुळगुळीत आणि मोकळ्या. पाहणारा दारातच चप्पल काढून आवाज खाली करायचा. आवाज खाली करून उपयोग नसे. या हॉलमध्ये कुणी काही बोललं की ते शब्द एकमेकांच्या अंगावर पडत, आणि ऐकणाऱ्याच्या कानात नुसता गलका पोचे.

त्यात दिवाळीच्या पाडव्याला समर्थने कॅम्पातल्या दुकानातून म्युझिक सिस्टिम आणली. कमरेच्या वर येतील एवढे दोन स्पीकर, एक अँप्लिफायर, आणि कोपऱ्यात ठेवायचा एक काळा ठोकळा, जो फक्त ढमढम आवाज काढायचा. समर्थ प्लॉटिंगच्या धंद्यात होता. आयटी कंपन्या आल्या, त्यांच्या माणसांना राहायला घरं लागायला लागली, आणि गावातली शिकलेली पोरं धडाधड या धंद्यात उतरली, त्यातलाच तोही. भागीदार मच्छिंद्रशेठ आणि दोन-चार मित्र सिस्टिम बघायला आले होते. समर्थने सीडी लावली, आवाज वाढवला, आणि हॉल असा घुमायला लागला की टीपॉयवरचे कप बशीत थरथरले. सगळे "वा, वा" म्हणाले.

त्या गोंगाटातच समर्थ आईकडे वाकला. मुक्ताबाई सोफ्याच्या कडेला, पदर सावरून, परक्या घरी आल्यासारखी बसली होती. सर्जेराव तिच्या शेजारी होते, म्हणून त्यांना ऐकू गेलं. समर्थ म्हणाला, "आई, हिरीकडचा एकर बी देऊन टाकू आता शेठना. चालंल नव्हं?"

मुक्ताबाई हसली. "चालंल की. लई छान हाय."

मच्छिंद्रशेठने समर्थच्या पाठीवर थाप मारली. पेढे पुन्हा एकदा फिरले. सर्जेरावांनी पेढा घेतला आणि तो हातात धरून बराच वेळ बसून राहिले. लई छान हाय, हे काय उत्तर झालं? पण कुणीतरी आवाज आणखी वाढवला, आणि तो प्रश्न त्यांच्या मनात तसाच कुठेतरी जाऊन पडला.

सर्जेरावांची जमीन दोन वर्षांपूर्वीच गेली होती. गेली म्हणजे रीतसर विकली, चांगल्या भावाने विकली. रडायचं काही कारण नव्हतं. सहीही त्यांनी एका दमात केली. चुळबुळ नंतर सुरू झाली. पहाटे जाग यायची आणि पाय आपोआप खाली यायचे. आता मोटर सुरू करायची नाही, उसाला पाणी द्यायचं नाही, ऊस संशोधनवाल्यांकडचं नवं बेणं आलंय का हे विचारायला सायकल काढायची नाही, हे कळेपर्यंत ते अंगणात पोचलेले असत. मग ते गेटपर्यंत जात आणि परत येत. वर्तमानपत्र उघडत, मिटत. गाडी धुतलेली असली तरी पुन्हा धूत. जेवताना दोन घास खाऊन उठत आणि कुठे निघालो होतो हे विसरून परत ताटावर बसत.

"तुमच्या बुडाला काय इंगळी चावती का?" मुक्ताबाई विचारायची.

तिचं बरं होतं. विहिरीकडचा तो एक एकर तिच्या नावावर होता आणि अजून तसाच होता. रोज सकाळी ती टोपली घेऊन तिकडे जायची. मेथी, घेवडा, चार वांगी. दुपारी परत आली की तडक स्वयंपाकघरात. हॉलमध्ये ती बसतच नसे. बसलीच तर काही विचारावं आणि तिने भलतंच उत्तर द्यावं, असं व्हायचं. समर्थचा एक मित्र एकदा म्हणाला होता, "मावशी, तब्येत कशीय?" आणि ती म्हणाली होती, "पिंपळाखाली उभा हाय." मित्र खूप हसला. समर्थने तिला हडपसरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वयाच्या मानाने कान ठीक असल्याचं सांगितलं. "मग लक्ष नसतं तिचं," समर्थ म्हणाला, आणि तो विषय मिटला.

सिस्टिमचा विषय मात्र मिटेना. पहिल्या आठवड्यातच समर्थच्या लक्षात आलं की दुकानात ऐकलं ते हे नव्हे. गाणं म्हणणाऱ्याचे शब्दच कळत नव्हते. ढोलकीचा एक ठोका पडला की तो पुढच्या ठोक्यावर जाऊन आदळायचा. शिवाय गाणं थांबवलं तरी स्पीकरमधून सारखी एक बारीक घरघर यायची. दुकानाचा माणूस आला, सगळं तपासून म्हणाला, "सिस्टिम ओके आहे सर. केबल जरा भारीतल्या घ्या." त्याने केबलची किंमत सांगितल्यावर पूर्णिमाने त्याच्यासमोरचा अर्धा भरलेला चहाचा कप उचलून नेला.

समर्थला वेळ नव्हता. त्याला दिवसातून शंभर फोन येत. "बघू नंतर," असं म्हणून तो निघून गेला. आणि त्या बंद पडल्यासारख्या उभ्या असलेल्या सिस्टिमपुढे सर्जेराव एकटे उरले.

मोटरघरात काढलेल्या वर्षांत रेडिओच त्यांच्या सोबतीला असायचा. त्याचा आवाज बारीक पडला की ते तो रिकाम्या माठात उभा करून ठेवत. माठ बोलायला लागे आणि तीन वाफ्यांपलीकडे बातम्या ऐकू जात. आवाज यंत्रात असतो तेवढाच ते यंत्र ठेवलेल्या जागेतही असतो, एवढं त्यांना माहीत होतं. त्याहून जास्त काही माहीत नव्हतं. पण हात शिवशिवत होते.

त्यांनी आधी स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढले. ढमढम थोडी कमी झाली. आणखी ओढले, जास्त कमी झाली. मग दोन्ही स्पीकरांची तोंडं सोफ्याकडे वळवली. दुसऱ्या दिवशी शहाबादी फरशीचे दोन तुकडे आणले, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे चौकोन कापून त्यांच्याखाली घातले आणि वर स्पीकर उभे केले. दणका जमिनीत उतरायचा थांबला, कप थरथरायचे थांबले. काच कुठे किणकिणते ते बोटांनी चाचपून शोधलं आणि तिच्या फटीत सायकलच्या ट्यूबची पट्टी कोंबली. पाणबुडी मोटारीच्या जाड तांब्याच्या केबलचा एक तुकडा माळ्यावर पडला होता. त्याची टोकं ताजी सोलून त्यांनी ती स्पीकरांना जोडली.

"आबा, ही विहिरीतली केबल आहे," पूर्णिमा म्हणाली.

"व्हय."

"म्हणजे आता गाणं गार येणार."

घरघर मात्र तशीच होती. ती ऐकून ऐकून सर्जेरावांना झोप लागेना. सिस्टिम बंद असली तरी आपल्याला ती ऐकू येते असं त्यांना वाटायचं. मग एका सकाळी त्यांनी कुदळ काढली आणि स्वयंपाकघरामागे खड्डा घ्यायला सुरुवात केली. कुदळ जमिनीत शिरली तेव्हा दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांचं अंग घामाने भिजलं. कमरेइतका खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, मग कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. मोटारीला अर्थिंग देतात तसं. वायरमन बोलावून त्यांनी ती तार घराच्या बोर्डाला नीट जोडून घेतली. संध्याकाळी सिस्टिम लावली, कान स्पीकरला टेकवला. घरघर गेली होती.

"समर्थ, ऐक," तो आल्या आल्या ते म्हणाले.

समर्थच्या एका कानाला मोबाइल होता. त्याने दुसरा कान स्पीकरकडे केला. "काहीच येत नाही की आबा."

"त्येच तर."

"हं. बरंय." तो जिना चढून गेला.

सर्जेरावांना वाईट वाटलं, पण ते टिकलं नाही, कारण अजून खोली उरली होती. यंत्राचं होतं नव्हतं ते त्यांनी केलं होतं. आता उरला होता तो हॉलचा घुमारा. म्हणून त्या टाळ्या. सोफ्यामागे टाळी लांबते, जिन्याखाली कमी लांबते, आणि पूर्णिमाने वाळवून आणलेल्या रजयांची चवड जिथे ठेवली होती तिथे तर ती जागच्या जागी बसते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरच्या सगळ्या वाकळी खाली काढल्या. मुक्ताबाईने आणि तिच्या सासूने जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या, चांगल्या जाड. समोरच्या भिंतीवर दोन, मागच्या भिंतीवर तीन, काचेपुढे दोरी ताणून दोन. कोपऱ्यांसाठी बारदानाची पोती घेतली आणि विहिरीकडच्या खोपटात साठवलेलं उसाचं पाचट त्यात दाबून भरलं. चार कोपऱ्यांत माणसाच्या उंचीच्या चार थप्प्या लागल्या.

पूर्णिमा जिन्यात उभी राहून बघत होती. "आबा, आता फक्त म्हैस आणायची राहिली."

"तिला लई जागा लागती," सर्जेराव गंभीरपणे म्हणाले.

पूर्णिमा हसली. मग तिने आपल्या दोन जुन्या साड्या आणून दिल्या, "निदान पोती तरी झाका." मुक्ताबाईने दुपारी बसून त्यांच्या खोळी शिवल्या. मोरपिशी आणि अबोली कपड्यातली ती पोती चार ठेंगण्या पाहुण्यांसारखी कोपऱ्यांत बसली.

संध्याकाळी मुक्ताबाई खोळीचा शेवटचा टाका घालत हॉलमध्येच, जमिनीवर अंथरलेल्या गादीवर बसली होती. पूर्णिमाने जिन्यातून सहज, नेहमीच्या आवाजात विचारलं, "आई, डाळ भिजवली का हो?"

"सकाळीच भिजवली. झाकून ठिवलीय खिडकीत."

पूर्णिमा पायरीवर थांबली. सर्जेरावांच्या हातातली सुतळी हातातच राहिली. एवढ्या लांबून, पाठमोरी बसून, मुक्ताबाईने सरळ उत्तर दिलं होतं. तिलाही ते जाणवलं असावं. तिने सुई खोळीत टोचून ठेवली आणि हॉलभर एकदा नजर फिरवली.

"आता कसं रानात बोलल्यागत वाटतंय," ती म्हणाली. "इतके दिस सगळी तोंडं हलवायची नुसती."

पूर्णिमा पटकन जाऊन तिच्यापाशी बसली. दोघी काहीतरी बोलायला लागल्या, दिवाळीचं, माहेरचं, कुणाच्या बाळंतपणाचं. दोन वर्षांत या हॉलमध्ये कुणी असं सलग बोललं नव्हतं. सर्जेरावांना आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याच्या पाठोपाठ पाडव्याचा दिवस आला आणि छातीवर बसला. चालंल की, लई छान हाय. ते ताडकन उठले, बाहेर गेले, गेट उघडलं, लावलं. परत आले, एका पोत्याची सुतळी सोडली आणि पुन्हा आवळली. आत्ता विचारावं. समोर बसलीय, ऐकू येतंय. नुसतं विचारायचं, तुला काय वाटलं गं त्या दिवशी? पण विचारल्यावर ती काय सांगणार हे त्यांना माहीत होतं, आणि मग समर्थशी बोलावं लागलं असतं. त्यांनी आणखी पाचट आणायला खोपटाची वाट धरली. त्यानंतरचे कितीतरी दिवस ते असेच काहीतरी आणत, बांधत, हलवत राहिले. स्पीकर चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. वाकळ थोडी वर, थोडी खाली.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी समर्थ म्हणाला, "आबा, संध्याकाळी शेठ येणारेत. ही पोतीबिती तेवढी काढा."

"राहू दे ना," पूर्णिमा म्हणाली. "आवाज किती छान लागतो आता. त्यांनाही ऐकवा."

समर्थने सीडी लावून बघितली. पहिल्यांदाच नीट बसून, फोन बाजूला ठेवून ऐकलं. गाणाऱ्याचा श्वास घेतलेलाही कळत होता. पोती राहिली.

मच्छिंद्रशेठ आले ते मिठाईचा बॉक्स घेऊन. बोलका, मोकळा माणूस. त्यांनी पोती पाहिली, खोळीवर हात फिरवून "वहिनींची कला का?" म्हणाले, गाणं ऐकलं, मनापासून मान डोलावली. मग ते आणि समर्थ काचेपाशी जाऊन उभे राहिले. हॉलच्या दुसऱ्या टोकाला मुक्ताबाई गादीवर घेवडा मोडत बसली होती. सर्जेराव सोफ्यावर होते, म्हणजे दोन्ही टोकांच्या मधे.

मच्छिंद्रशेठ हळू आवाजात म्हणाले, "उद्याचं अकराचं ठरलंय रजिस्टर ऑफिसात. मावशींना घेऊन तू थेट तिकडंच ये. मी लेआउट घेऊन येतो."

"येतो," समर्थ म्हणाला.

"कुठं न्यायचंय मला?" मुक्ताबाईने विचारलं.

दोघांनी वळून पाहिलं. ती मान वर करून बघत होती, हातात घेवड्याची शेंग.

"अगं, ते विहिरीकडचं," समर्थ म्हणाला. "सही करायची फक्त. पाच मिनिटांचं काम."

"कसली सही?"

"आई, असं काय करतेस? शेठना द्यायचं ठरलंय ना. तूच हो म्हणालीस पाडव्याला. सगळ्यांच्या देखत."

मुक्ताबाईने आठवायचा प्रयत्न केला. पाडवा, पेढे, तो दणदणाट. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मी गान्याला म्हनलं व्हतं," ती म्हणाली.

सीडी अजून चालू होती. पूर्णिमाने पुढे होऊन ती बंद केली.

"गाण्याला?" समर्थचा आवाज चढला. "मी स्पष्ट विचारलं होतं. आबा तिथंच होते. आबा, सांगा तिला. विचारलं होतं का नाही?"

सगळ्यांच्या नजरा सर्जेरावांकडे वळल्या. पाय उचलून कुठेतरी जावं, गेटपर्यंत, गाडीपर्यंत, अशी ओढ त्यांना इतकी जोरात लागली की त्यांनी सोफ्याची कड धरली.

"इचारलं व्हतं," ते म्हणाले. "तिला ऐकू गेलं न्हाई."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"तवाच कळलं व्हतं."

मुक्ताबाईने त्यांच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तिने हातातली शेंग मोडली, ताटात टाकली आणि मच्छिंद्रशेठकडे वळून म्हणाली, "भाऊ, जेवून जावा. घेवड्याची भाजी करती. पर सही व्हायची न्हाई."

मच्छिंद्रशेठ जेवायला थांबले नाहीत. भांडलेही नाहीत. दारात समर्थला एवढंच म्हणाले, "तुझ्या शब्दावर मी पुढं शब्द दिलेत, समर्थ," आणि गाडीत बसून गेले.

समर्थ परत आत आला तो सरळ भिंतीपाशी गेला. त्याने पहिली वाकळ ओढली. खिळा उपटून जमिनीवर पडला.

"समर्थ!" पूर्णिमा म्हणाली.

"आजूबाजूला सात-सात मजले उभे राहिले, आणि मधे हिची मेथी! लोक हसतात मला." त्याने दुसरी ओढली. "माझी काही इज्जत आहे का नाही? मी काय खायला घेतोय तो एकर? तुमच्यासाठीच करतोय ना सगळं?" तिसरी. काचेपुढची दोरी त्याने हिसडली आणि दोन्ही वाकळी एकदम खाली आल्या. तो बोलत होता, जोराने बोलत होता, पण एकेक वाकळ उतरत गेली तसा त्याचा आवाज फुगत गेला आणि शब्द त्यात बुडत गेले. शेवटची वाकळ खाली पडली तेव्हा तो आईकडे बघून काहीतरी म्हणाला. लांबलचक, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. हॉलभर नुसता गडगडाट झाला.

तो जिना चढून गेल्यावर मुक्ताबाईने सर्जेरावांना विचारलं, "काय म्हनला वो त्यो?"

सर्जेरावांनाही कळलं नव्हतं.

सकाळी ती टोपली घेऊन निघाली तेव्हा सर्जेराव अंगणातच होते. ती त्यांच्यापाशी थांबली. "त्या दिशी तुमाला कळलं व्हतं."

"व्हय."

"मंग?"

समर्थ किती खुशीत होता, असं सांगता आलं असतं. माझी गेली तशी तुझीही जाईल, मग आपण दोघं सारखे होऊ, असंही त्यांना कुठेतरी वाटलं असेल; पण ते त्यांचं त्यांनाही नीट माहीत नव्हतं. मुक्ताबाई चालायला लागली. ते तिच्या मागून निघाले. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

त्या दिवसापासून ते रोज तिकडे जाऊ लागले. पहिले काही दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. हे खुरपा, ते उचला. ते खुरपत, उचलत. एका वाफ्यात त्यांचं मन लागत नसे. अर्धं काम टाकून दुसरीकडे जात, तिथून विहिरीवर. जुनी मोटर त्यांनी उघडून पुसून पुन्हा बसवली. चांगली चालत होती, तरी बसवली.

समर्थने सिस्टिम वरच्या आपल्या खोलीत नेली. हॉल पुन्हा पहिल्यासारखा लख्ख झाला, आणि पुन्हा कुणी त्यात बसेना. मच्छिंद्रशेठने दुसरा भागीदार शोधला. समर्थ आईशी बोलत नव्हता. काही हवं असलं तर पूर्णिमाला सांगायचा, आणि पूर्णिमा निरोप्यासारखी वरखाली करायची. "मला टपाल खात्यात घ्या," ती एकदा म्हणाली. कुणी हसलं नाही. समर्थ घरी असला की संध्याकाळी वरून फक्त ढमढम खाली यायची. गाणं यायचं नाही.

संक्रांत होऊन गेली. हरभरा भरला होता. त्या सकाळी सर्जेराव पाणी देत होते, पाय चिखलात, हातात फावडं, तेव्हा रस्त्याकडेला समर्थची गाडी येऊन थांबली. इंजिन चालूच होतं. तो खाली उतरून बांधापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. त्याच्या पायात ऑफिसचे बूट होते. तो विहिरीकडे बघत होता, की पलीकडच्या इमारतींकडे, ते कळत नव्हतं.

मुक्ताबाईने त्याला पाहिलं. ती ताठ झाली नाही, लगबगही केली नाही. हरभऱ्याचे चार-पाच डहाळे उपटले, मुळांची माती झटकली, पेंढी बांधली आणि बांधावर जाऊन त्याच्यापुढे धरली.

समर्थने ती घेतली. दोघांपैकी कुणी काही बोललं असेल तर ते सर्जेरावांना ऐकू आलं नाही. विहिरीवरची मोटर चालू होती. तो गाडीकडे गेला, पुढच्या सीटवरच्या फायली उचलून त्याने मागे टाकल्या आणि तिथे ती पेंढी ठेवली. दार लावण्याआधी त्याने एक घाटा तोडला, सोलला आणि तोंडात टाकला.

गाडी वळून रस्त्याला लागली. सर्जेराव तिच्याकडे बघत तसेच उभे राहिले. पाणी वाफा फोडून भलतीकडेच चाललं होतं.

"अवं, पानी!" मुक्ताबाई ओरडली.

ते वाकले आणि फावड्याने माती ओढू लागले.